श्रीमंतचं दुसरं ऑपरेशन

दाक्षायणीला बघायला आला तेव्हा श्रीमंतनं पोह्यांची बशी हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "माझी नसबंदी झालेली आहे. मला आता मूल होणार नाही. हे चालणार नसेल तर मी चहा घेऊन जातो. राग नाही."

खोलीत दाक्षायणीचा भाऊ होता, वहिनी होती. भावानं खाली फरशीकडे बघितलं. दाक्षायणी दाराशी उभी होती, ती म्हणाली, "मला होत नाही म्हणूनच सोडलंय मला. मग आपल्यात भांडायला राहिलंच काय?"

वहिनीला हसू आलं. श्रीमंतही हसला आणि त्यानं पोहे खाल्ले. महिन्याभरात लग्न झालं.

दाक्षायणीचं पहिलं लग्न अक्कलकोटकडच्या एका गावात झालं होतं. नवऱ्याचं नाव सिद्धू. सात वर्षं ती तिथं राहिली. त्या सात वर्षांत तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, पोटात दुर्बीण घालून झाली, दोन देवांचे नवस झाले. सिद्धूची एकही तपासणी झाली नाही. त्याच्या आईचं, केसरबाईचं, म्हणणं होतं की आपल्या घराण्यात पुरुषांना काही नसतं. शेवटी समजुतीनं सोडचिठ्ठी झाली आणि दाक्षायणी सोलापुरात भावाकडे आली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काज-बटणाच्या मशिनीवर बसायला लागली.

श्रीमंत भवानी पेठेत राहायचा आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. म्हणजे माग बंद पडला की तो चालू करून द्यायचं काम. त्याची पहिली बायको महानंदा. मुलगी झाली तेव्हा बाळंतपणातच कळलं की महानंदाच्या हृदयाची झडप खराब आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर ही वाचणार नाही. तिचं ऑपरेशन करायचं तर भूल देणंही धोक्याचं. "तुम्हीच करून घ्या," डॉक्टर म्हणाले. श्रीमंत पुढच्या आठवड्यात सिव्हिलमध्ये जाऊन करून आला. टाका नाही, काही नाही. दोन दिवस रजा काढली, तिसऱ्या दिवशी कामावर गेला.

त्याच्या आईला, गौरम्माला, हे महिन्यानं कळलं. तिनं गल्लीत सांगितलं, "खोंड बडवत्यात तसं माझ्या पोराला बडवून सोडलं." गल्ली काही दिवस हसली, मग विसरली. गौरम्मा विसरली नाही. महानंदा गोळ्यांवर आणखी दहा वर्षं जगली. ती गेली तेव्हा मुलगी, रुद्राणी, दहा वर्षांची होती.

दाक्षायणी या घरात आली आणि रुळली. रुद्राणी तिला मावशी म्हणायची. दोघींचं खूप गूळपीठ होतं असं नाही, पण कुरबुरही नव्हती. तीन वर्षं अशी गेली.

मग एका लग्नात दाक्षायणीला तिच्या जुन्या गावची एक बाई भेटली. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसून ती हळूच म्हणाली, "सिद्धूच्या दुसऱ्या बायकोला पण राहत नाही बघ. चार वर्षं झाली की आता."

दाक्षायणीनं पान तसंच ठेवलं आणि उठली. चार-पाच दिवसांनी, दोरीवरचे कपडे काढताना, तिनं श्रीमंतजवळ विषय काढला.

"कारखान्यात प्रतिक्षा आहे ना, तिच्या बहिणीला डॉक्टरांनी सुईनं काढून मूल करून दिलंय. म्हणजे तिच्या नवऱ्याचं सुईनं काढून. नसबंदी झालेल्यांचं पण होतं म्हणे."

श्रीमंत घड्या घालत होता. तो थांबला. "तुला मूल पाहिजे का?"

"पाहिजेच की. पण आधी कळायला पाहिजे."

"काय?"

"माझ्यात होतं का ते."

"तुझ्या सगळ्या तपासण्या बरोबर होत्या की."

"कागद बरोबर होते," दाक्षायणी म्हणाली. "कागदावर कोण विश्वास ठेवलं?"

श्रीमंतला स्वतःला मूल पाहिजे होतं का, हे त्यानं तेव्हा स्वतःला विचारलं नाही. बायकोनं मागितलंय, तर बघू, एवढंच त्याच्या मनात आलं.

सात रस्त्याजवळ एक वंध्यत्वाचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई बायकांचं बघायच्या, आणि पुरुषांचं बघायला एक मूत्रविकाराचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी यायचे. त्यांनी श्रीमंतला तपासलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं.

"तुमच्यात तयार व्हायचं थांबलेलं नाही. ते रोज तयार होतंय, फक्त वाट बंद आहे. आपल्याकडे दोन मार्ग आहेत. एक, ती कापलेली नस परत जोडायची. जोडली गेली तर मूल नेहमीसारखं होऊ शकतं, यांना इंजेक्शनं लागत नाहीत. पण पंधरा वर्षं झालीत, खात्री देता येत नाही, आणि वाट बघावी लागते. यांचं वय आता छत्तीस. दुसरा मार्ग, नस आहे तशी ठेवायची आणि सुईनं आतून शुक्राणू काढून घ्यायचे. मग यांची बीजं काढायची, प्रयोगशाळेत एकेका बीजात एकेक शुक्राणू सोडायचा, आणि गर्भ तयार झाला की पोटात ठेवायचा. त्याला यांना दहा-बारा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतील. माझं मत विचाराल तर दुसरा. पण घरी जाऊन ठरवा."

बाहेर पडल्यावर दाक्षायणी म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते."

श्रीमंतला नस जोडून घेणं बरं वाटत होतं. एकदा काय ते आपल्याच अंगावर, तिला त्रास नको. त्यानं तसं आईला सांगितलं, आणि गौरम्मानं ते त्याच दिवशी नातीला सांगितलं.

रुद्राणी दहावीला होती. रात्री जेवताना तिनं विचारलं, "अप्पा, ते ऑपरेशन तुमी आईसाठी केलं होतं ना?"

"हो."

"मग आता ते उलटं करणार?"

दाक्षायणी चुलीसमोर होती, तिनं वळून बघितलं नाही.

"तुला कोण सांगितलं?" श्रीमंतनं विचारलं.

"आज्जी. आज्जीला लई आनंद झालाय." रुद्राणी रडत नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. गणितातली न समजलेली पायरी विचारावी तसं तिनं विचारलं होतं. मग ती ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर श्रीमंत एकटाच दवाखान्यात गेला. मूत्रविकाराचे डॉक्टर निघायच्या तयारीत होते.

"एकच विचारायचं होतं. सुईनं काढलं तर ती आधीची नस तशीच राहते का?"

"तशीच. बंद आहे ती बंदच. आपण तिच्या अलीकडून घेतो."

घरी येऊन त्यानं दाक्षायणीला सांगितलं. ती म्हणाली, "तिच्यासाठी ना? मग सुईनंच करू. इंजेक्शनं काय, मी घेते."

मग तो रुद्राणीजवळ जाऊन बसला आणि डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे तिला सांगितले. बंद आहे ती बंदच राहणार.

रुद्राणीनं थोडा वेळ विचार केला. "म्हणजे आईचं तसंच राहील."

"तसंच."

"मग करा," ती म्हणाली, आणि वही उघडून बसली.

पैशाची सोय त्यांनी केली. ती कशी केली हा वेगळा विषय आहे. दाक्षायणीची इंजेक्शनं सुरू झाली. पोटावर टोचायची होती, ती तिची तीच टोचायला शिकली. पोट फुगल्यासारखं व्हायचं, चिडचिड व्हायची. एकदा तिनं कारखान्यात पँटची बटणं शर्टाला लावली आणि डझनभर शर्ट उसवून पुन्हा केले.

ठरलेला दिवस नेमका नळाला पाणी यायचा निघाला. दवाखान्यानं सांगितलं होतं की बाईला भूल देणार, घरचं कुणीतरी मोठं माणूस पाहिजे. भाऊ-वहिनी परगावी गेलेले. गौरम्माच उरली. "पाणी कोण भरायचं?" असं तीनदा विचारून, शेवटी शेजारणीला किल्ली देऊन, धपाट्यांचा डबा घेऊन ती रिक्षात बसली. लेकाच्या पहिल्या ऑपरेशनला तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि दुसऱ्याला ती सोबत म्हणून चालली होती. याचं नेमकं काय वाटून घ्यावं हे तिला समजत नसावं.

आधी दाक्षायणीला आत नेलं. अर्ध्या तासात तिची बीजं काढून झाली. तासाभरानं ती शुद्धीवर येऊन, चहा पिऊन, हळूहळू चालत बाहेरच्या बाकावर गौरम्माशेजारी येऊन टेकली. तिनं आत पडून राहायचं होतं, पण श्रीमंतला नुकतंच आत घेतलं होतं आणि तिला आत राहवेना.

थोड्या वेळानं दरवाजा ढकलून दोन बायका आल्या. पुढे जाड बांध्याची म्हातारी, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. मागे पंचविशीतली एक सुकलेली मुलगी. म्हातारीनं बाकावर नजर टाकली आणि जागीच थांबली.

ती केसरबाई होती, सिद्धूची आई.

"तू हितं?" केसरबाई म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळून आल्यासारखं दिसलं. "अजून फिरालीसच व्हय दवाखाने? दुसऱ्या घरी जाऊन पण तेच का?"

बाकांवरची दहा-बारा माणसं वर बघायला लागली. दाक्षायणीच्या पोटात कळ येत होती, भुलीनं जीभ जड होती. सात वर्षं जिच्यासमोर मान वर केली नव्हती ती बाई समोर उभी होती, आणि मान पुन्हा खाली जायला लागली होती.

"माझा नवरा आत आहे," ती कशीबशी म्हणाली. "त्याचं ऑपरेशन चाललंय."

"नवऱ्याचं? त्याला काय झालंय?"

आता गौरम्मा उठली. मांडीवरचा डबा तिनं बाकावर ठेवला. ही बाई कोण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला ते कळलं होतं.

"त्याला काय बी झालं न्हाय," गौरम्मा म्हणाली. "मूल पायजे म्हणून आत जाऊन झोपलाय त्यो. पयल्या बायकूचा जीव जाऊ नये म्हणून एकदा झोपला हुता, आता हिच्यासाटी झोपलाय. माझा पोरगा हाय आत." आणि मग तिनं कानडीत विचारलं, "निम्म मग एल्ली?" म्हणजे, तुमचा मुलगा कुठं आहे?

केसरबाईला कानडी चांगलं येत होतं. तिनं पाकीट या हातातून त्या हातात घेतलं.

"त्याला रानातनं सवड न्हाय."

"सुनेला घेऊन यायला तुमाला सवड हाय, त्याला न्हाय?"

काउंटरवरच्या मुलीनं नाव पुकारलं, "चैताली!" तशी केसरबाई एकदम तिकडे वळली, कागदपत्रांसाठी आत गेली. सून तिच्या मागे गेली नाही. ती दाक्षायणीसमोर उभी राहिली. जवळून ती आणखी लहान दिसत होती.

"ताई, तुमचा नंबर देता का?" ती हळू म्हणाली. "लिहून नको. सांगा, माझ्या ध्यानात राहतो."

दाक्षायणीनं सांगितला. चैतालीनं ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटला आणि आत गेली.

गौरम्मा पुन्हा बाकावर बसली. डबा मांडीवर घेतला. "सात वर्सं हिच्या घरात व्हतीस?" तिनं विचारलं.

"हो."

"कशी काढली गं?" असं म्हणून तिनं डब्यातला धपाटा दाक्षायणीच्या हातात ठेवला. सुनेच्या मागच्या दिवसांबद्दल इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.

आत श्रीमंत जागा होता. त्याला फक्त तेवढी जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं. मधे हिरवा पडदा. भिंतीत एक छोटी खिडकी होती, तिच्या पलीकडे प्रयोगशाळा. डॉक्टर सुईनं काहीतरी काढायचे, नर्स ते खिडकीतून पलीकडे द्यायची, आणि थोड्या वेळानं पलीकडून एका मुलीचा आवाज यायचा.

"यात नाहीत, सर."

पुन्हा सुई. दुखत नव्हतं, पण आत कुठंतरी ओढल्यासारखं व्हायचं आणि ते पोटापर्यंत जायचं.

"आहेत थोडे. पण हलत नाहीत."

"दुसऱ्या बाजूनं बघू," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या बाजूलाही तसंच झालं. श्रीमंत छताकडे बघत होता. पहिल्या वेळी, सिव्हिलमध्ये, तो असाच पडला होता आणि कधी एकदा उठून घरी जातो असं त्याला झालं होतं. महानंदा घरी एकटी होती. आज घाई नव्हती. आज तो त्या खिडकीकडे कान लावून होता, आणि दर वेळी मुलीचा आवाज यायच्या आधी त्याची मान आपोआप उचलली जायची. हे त्याला विचित्र वाटलं. दाक्षायणीसाठी आलोय, मग मला का असं होतंय?

"आता थोडं वेगळं करतो," डॉक्टर म्हणाले. "मागच्या नळीत जुनं साचलेलं आहे, ते निकामी झालंय. सरळ अंडकोषातूनच घेतो. दोन दिवस दुखेल."

"घ्या," श्रीमंत म्हणाला.

या वेळी बराच वेळ गेला. डॉक्टरांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले नाहीत. नर्सनं पट्टी बांधली. पलीकडे काचेवर काहीतरी टेकल्याचा आवाज यायचा. मग मुलगी म्हणाली, "मिळाले. हलतायत. पुरतील सर, थोडे ठेवायला पण उरतील."

श्रीमंतच्या डोळ्यांत पाणी आलं. नर्सनं विचारलं, "दुखायलंय का?" तो हो म्हणाला.

पाच दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावून सांगितलं की तीन चांगले गर्भ तयार झाले आहेत.

"माझी बीजं कशी होती?" दाक्षायणीनं विचारलं.

"चांगली होती."

"म्हणजे माझ्यात दोष नव्हता?"

डॉक्टरीणबाई जपून बोलणाऱ्या होत्या. "बीजांमध्ये तरी काही दिसत नाही. गर्भ रुजणं ही पुढची गोष्ट."

पण दाक्षायणीनं पुढचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मशिनींच्या आवाजात प्रतिक्षाला सांगितलं. प्रतिक्षाला ऐकू गेलं नाही. "काय?" तिनं ओरडून विचारलं. दाक्षायणीनंही ओरडून सांगितलं, "माझी बीजं चांगली आहेत!" नेमक्या त्याच वेळी शेजारची मशीन थांबली होती, त्यामुळे सगळ्या रांगेनं ऐकलं. बायका हसल्या. दाक्षायणीही हसली, आणि मग काज पाडत बसली.

दोन गर्भ पोटात ठेवले, तिसरा गोठवून ठेवला. पंधरवड्यानं रक्त तपासलं. संध्याकाळी फोन आला की राहिलेलं नाही.

दाक्षायणी मोरीत जाऊन रडली. तोंड धुऊन बाहेर आली आणि पीठ मळायला घेतलं. श्रीमंत मात्र कॉटवर बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कारखान्यातून फोन आले, माग बंद पडलेत म्हणून. त्यानं उचलले नाहीत. गौरम्मा घाबरली. महानंदा गेली तेव्हाही तो तेराव्यानंतर लगेच कामावर गेला होता.

चौथ्या दिवशी दाक्षायणीच्या फोनवर अनोळखी नंबर आला. चैताली होती.

"ताई, तुमचं राहिलं का?"

"नाही राहिलं."

मग चैताली म्हणाली, "मला एक विचारायचं होतं. तुमच्या मालकांना लई दुखलं का? हे नाही म्हणालेत. तपासणीला पण नाही म्हणालेत. सुई टोचतात म्हणून कोणतरी सांगितलंय."

दाक्षायणीनं फोन कानापासून काढला आणि कॉटवर बसलेल्या श्रीमंतपुढे धरला. "सिद्धूची बायको आहे. दुखलं का विचारतेय."

श्रीमंतनं फोन घेतला. "हॅलो," तो म्हणाला. पलीकडे काहीतरी कुजबुज झाली, आणि मग एका पुरुषानं घसा खाकरला.

"आधी नुसती तपासणी असते," श्रीमंत त्या खाकरण्याला म्हणाला. "डबीत द्यायचं असतं, झालं. सुई सगळ्यांना लागत नाही. मला लागली कारण माझी नसबंदी आहे. आणि लागलीच तर दुखतं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस चालताना दुखतं. मग नाही दुखत."

फोन बंद झाला. सिद्धूनं पुढे तपासणी केली की नाही, हे त्यांना कधी कळलं नाही. चैतालीचाही पुन्हा फोन आला नाही. श्रीमंत मात्र उठला, दाढी केली, आणि दुपारच्या पाळीला गेला.

त्या रविवारी संध्याकाळी दोघं गच्चीवर बसले होते. दाक्षायणी म्हणाली, "पुरे आता. मला जे कळायचं होतं ते कळलं."

"एक राहिलाय की अजून."

"राहू दे."

श्रीमंत कठड्यावर नख घासत बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुमचं काय राहिलंय?" तिनं विचारलं.

"मला अजून एक पाहिजे होतं. तेव्हा पण. रुद्राणी झाली तेव्हा मला वाटलं होतं, अजून एक होईल. मग डॉक्टर म्हणाले, आणि मी आठवड्यात जाऊन आलो. कोण हसलं, कोण शाबास म्हटलं. महानंदा पाया पडली माझ्या. पण तुला अजून पाहिजे होतं का, हे कोणच विचारलं नाही. मी पण नाही विचारलं. जीव वाचवायचा म्हटल्यावर असलं काय विचारायचं?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"मला कुठं ठाऊक होतं? त्या टेबलावर पडल्यावर कळलं."

खाली रुद्राणी कुणाशी तरी फोनवर मोठमोठ्यानं बोलत होती. दाक्षायणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"पहिल्या वेळी माझ्यासाठी केलं तुम्ही," ती म्हणाली. "ठीक आहे. हा एक तुमच्यासाठी. पण याच्यानंतर नाही. परत सुई नाही, परत ती इंजेक्शनं नाहीत. राहिलं तर राहिलं, नाही तर रुद्राणी आहेच."

"या अटीला नाही म्हणणार नाही मी."

"म्हणूच नका."

रुद्राणीची परीक्षा होईपर्यंत ते थांबले. एप्रिलच्या उन्हात तिसरा गर्भ ठेवला. या वेळी दाक्षायणीनं तपासणीच्या दिवशीही कामावर सुट्टी घेतली नाही. फोन आला तेव्हा ती मशिनीवर होती. ऐकून घेतलं, बरं म्हणाली, आणि हातातला शर्ट पुरा केला. मग श्रीमंतला फोन लावला. त्यानं तो लगेच उचलला.

राहिलं होतं. पाचव्या महिन्यात थोडा रक्तस्राव झाला, तेव्हा पंधरा दिवस ती पडून होती. त्या पंधरा दिवसांत गौरम्मा तिला उठून पाणीसुद्धा घेऊ देत नव्हती आणि त्याबद्दल दिवसभर बोलूनही दाखवत होती. डिसेंबरात, दिवस भरायच्या थोडं आधीच, मुलगा झाला. वजन कमी होतं, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. गौरम्मानं गल्लीत पेढे वाटले. मुलगी झाली असती तर वाटले असते का, हे तिला कुणी विचारलं नाही.

पाळण्यात नाव आजोबांचं ठेवलं, चनमल्लप्पा. रुद्राणीनं कपाळाला हात लावला. "शाळेत हजेरी घेताना काय होईल याचं?" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं त्याला चन्नू म्हणायला सुरुवात केली. बारा दिवसांच्या मुलाला मांडीवर घेऊन ती अकरावीचं रसायनशास्त्र मोठ्यानं वाचायची. तो झोपायचा.

सिव्हिलला केलेल्या त्या जुन्या ऑपरेशनबद्दल गौरम्मानं पुन्हा काही बोलल्याचं कुणी ऐकलं नाही. ती ते विसरली असेल असं मात्र नाही.

चन्नू रांगायला लागला होता तेव्हा दवाखान्यातून फोन आला. श्रीमंतचा नमुना प्रयोगशाळेत गोठवलेला शिल्लक होता. पुढं ठेवायचा असेल तर ठेवू, नको असेल तर सही करून जा. त्यानं दाक्षायणीकडे बघितलं. ती चन्नूच्या तोंडातून चप्पल काढून घेत होती. "आपलं ठरलंय," ती म्हणाली.

दुपारच्या पाळीला जाताना तो वाटेत थांबला. काउंटरवरच्या मुलीनं सह्या कुठं करायच्या ते दाखवलं. त्यानं केल्या. मग जाता जाता विचारलं, "टाकून देताना काय करतात त्याचं?"

"काही नाही, काका. बाहेर काढून ठेवतात. थोड्या वेळात वितळतं."

"बरं," श्रीमंत म्हणाला. तो तिथं आणखी क्षणभर उभा राहिला. बाकांवर तीन जोडपी बसली होती, दोन बायका एकट्या होत्या. एक तरुण नवरा टेबलावरचं मासिक उलटंच धरून बसला होता. श्रीमंतला त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय ते सुचलं नाही. पाळीला उशीर होत होता. तो जिना उतरला, गाडी चालू केली आणि कारखान्याच्या वाटेनं अक्कलकोट रोडला लागला.